मनगट

आज सकाळी दादरला लोकलमध्ये वरची कडी धरली आणि उजव्या मनगटातून अशी कळ गेली की हात सोडूनच द्यावा लागला. तीन आठवडे रोज दोन-दोन तास पियानोवर सप्तकांचा सराव चालला होता, अंगठा खालच्या सा वर, करंगळी वरच्या. दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, असं मला खरंच वाटायचं.

संध्याकाळी बाईंनी मध्येच थांबवलं. माझ्या मनगटाखाली तळहात धरला, म्हणाल्या, "बघ, हे पट्ट्यांच्या खाली गेलंय." मग स्टूल फिरवून उंच केलं, कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, त्यांचे दोर मनगटातल्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत जातात. मनगट वाकवून ताणलं की ते तिथेच घासतात. इतकं साधं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं!

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणीच अधू झाला, पियानोवादक व्हायचं राहून गेलं. ते आठवून पोटात गोळा आला.

आठवडाभर सप्तकं बंद. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टर. आत्ता फक्त डाव्या हाताने वाजवतेय, हळू, दहा-दहा मिनिटं.