ओआहूत स्नॉर्कलिंगला कुठे उतरावं?

हवाईतल्या ओआहू बेटावर जायचं ठरलं, तेव्हा स्नॉर्कलिंगचा, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघण्याचा, किनारा मी फोटो बघून पक्का करून टाकला होता. शार्क्स कोव्ह. उत्तर किनाऱ्यावरची जागा, भोवती काळे खडक, मधे तळ दिसेल इतकं नितळ पाणी. नावातल्या शार्कने बायको बिचकली, तिची समजूत काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

आम्ही गेलो जानेवारीत. होनोलुलूहून तासभर गाडी हाकत पोचलो, तर फोटोतल्या नितळ पाण्याच्या जागी नुसता फेस. लाट खडकावर आपटली की तुषार आमच्या चष्म्यावर. पाण्यात चिटपाखरू नाही.

"फोटो कुठल्या महिन्यातला होता?" बायकोने विचारलं.

ते मी बघितलंच नव्हतं.

हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरात वादळं उठतात आणि त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर वाटचाल करून नेमक्या याच किनाऱ्यावर येऊन फुटतात. सर्फिंगच्या मोठ्या स्पर्धा इथे हिवाळ्यात होतात त्या त्यामुळेच. उन्हाळ्यात हाच किनारा तळ्यासारखा पडून असतो आणि मोठ्या लाटा दक्षिणेकडून येतात. पूर्वेला ईशान्येचे व्यापारी वारे वर्षातला बराच काळ सुटलेले असतात, त्यामुळे तिकडचं पाणी सहसा खळबळलेलं. एवढं डोक्यात शिरल्यावर मी किनाऱ्यांची यादी बाजूला ठेवली आणि बेटाचा नकाशा घेतला. महिना जानेवारी, म्हणजे उत्तर बाद, पूर्व बाद. दक्षिण आणि पश्चिम उरल्या.

दक्षिणेला हनाउमा बे. ज्वालामुखीच्या विवराची एक भिंत ढासळून समुद्र आत शिरलाय आणि 1967 पासून ही खाडी संरक्षित आहे. सोमवार-मंगळवार बंद. बाहेरच्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती दोन दिवस आधी सकाळी 7 वाजता उघडते आणि बघता बघता संपते. पहिल्या दिवशी मी 7 वाजून 10 मिनिटांनी बसलो आणि हात हलवत उठलो. दुसऱ्या दिवशी सात वाजायच्या आधीच बोट टेकवून बसलो, तेव्हा जमलं.

दक्षिण किनाऱ्याची आणखी एक भानगड आहे. पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्याच्या बाजूला बॉक्स जेलीफिश येतात, आणि त्यांचा डंख चांगलाच झोंबतो. आपल्या हिशेबाने वद्य अष्टमी ते दशमी. फोनमधलं पंचांग मी हवाईत उघडेन असं कधी वाटलं नव्हतं! आमचा दिवस शुक्ल पक्षातला निघाला.

मधल्या रिकाम्या दिवशी पश्चिमेच्या को ओलिनाला सराव केला. तिथे माणसाने बांधलेली चार लगून आहेत, समोर दगडांचा बांध, आत पाणी शांत. मासे बेताचेच, पण शिकायला जागा उत्तम. माझ्या मास्कमध्ये दर दोन मिनिटांनी पाणी. पट्टा आवळून आवळून कपाळावर वळ उठले, तरी तेच. शेवटी कळलं, दोष मिशीचा. मास्कची कड नाकाखाली त्वचेला चिकटायला हवी, ती केसांवर टेकत होती. रात्री नाकाखालची बोटभर पट्टी भादरली. बावीस वर्षांची मिशी, पण काय करणार. मग पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर दाबला, नाकाने श्वास आत ओढला आणि हात सोडला. मास्क जागचा हलला नाही.

हनाउमाला सकाळी लवकर गेलो. आधी प्रवाळावर उभं राहू नका वगैरे सांगणारा एक छोटा व्हिडिओ दाखवतात, मगच खाली सोडतात. लाइफगार्डला विचारलं, आज कुठे उतरू? त्याने हाताने दाखवलं: खडकांच्या आतल्या बाजूला राहा, पलीकडे ओढ आहे. दहा किनाऱ्यांची वर्णनं वाचून जे मिळालं नव्हतं, ते या एका वाक्यात मिळालं.

डोकं पाण्यात घातलं आणि आधी ऐकू आलं. कुर्रर्र, कुर्रर्र. कोणीतरी खडीसाखर चावतंय असं. निळा-हिरवा पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. खाल्लेला खडक तो वाळू करून मागून सोडतो, आणि सोडलाही, माझ्या समोर. पांढऱ्या वाळूतून चालताना मी काही वेळ गप्प होतो. एक कासवही दिसलं. त्यांच्यापासून दहा फूट लांब राहायला सांगतात. आम्ही मागे सरकत होतो आणि तेच पुढे येत होतं.

शेवटच्या दिवशी पश्चिमेच्या इलेक्ट्रिक बीचला गेलो. शेजारच्या वीजकेंद्राचं कोमट पाणी तिथे समुद्रात सोडतात, म्हणून मासे गोळा होतात. पोचेपर्यंत दुपार झाली होती, वारा चढला होता. वीस मिनिटं दगडावर बसून नुसतं पाणी पाहिलं. दोघंजण बाहेर येत होते, आणि किनारा हाताशी आल्यावरही त्यांना पाय टेकायला बराच वेळ लागला. मी बायकोकडे पाहिलं, तिने गाडीकडे. पायात घालायच्या फिन्स डिकीतच राहिल्या.