दुरुस्तीतून येणारी विविधता
एरवी डीएनएमधली चूक निगुतीने निस्तरणारी दुरुस्तीयंत्रणा बी पेशी (प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंना पकडणारी प्रथिने बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) प्रतिपिंडांच्या जनुकांत मात्र नवे बदल घडवण्यासाठी वापरते, हे मला आजही विलक्षण वाटते. तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये नोंदवलेले ‘एआयडी’ हे विकर (एन्झाइम) या जनुकांच्या डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचे युरासिल हे परके अक्षर करते. यूएनजी विकराने ते युरासिल काढून टाकले की उरलेल्या रिकाम्या जागेसमोर कोणतेही अक्षर बसू शकते. युरासिलमुळे झालेली विजोड जोडी एमएसएच२ आणि एमएसएच६ या दुरुस्ती-प्रथिनांनी हेरली, तर आसपासचा तुकडाच कापला जातो आणि तो भरणाऱ्या पॉलिमरेज ईटा या डीएनए रचणाऱ्या विकराचा हात ए-टी (अ‍ॅडेनिन-थायमिन) अक्षरजोड्यांवर वारंवार चुकतो. झेरोडर्मा पिगमेंटोसम या ऊन न सोसणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या ज्या प्रकारात हे ईटा निकामी असते, त्या रुग्णांच्या प्रतिपिंड-जनुकांत ए-टी जोड्यांवरचे बदल घटलेले दिसतात. माझ्या मते ईटाच्या या कामाचा याहून बोलका पुरावा नाही.