मांजरसुंब्याच्या घाटात लुकलुकलेली पिवळी लाईट: तुळजापूरला गाडीने जाणाऱ्यांसाठी

पहाटे साडेपाचला संभाजीनगरहून निघालो, गाडीत मी, बायको, आई आणि पुतण्या. पाचोड सुटलं आणि डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाईट लागली. गाडी पळत होती, फक्त उभी केली की थरथरायची. गेवराईच्या पुढे हायवेलगत एका गॅरेजवर थांबलो, त्याने स्कॅनर लावला, स्क्रीन आम्हाला दाखवलीच नाही, सेन्सर घाण झालाय म्हणाला आणि अर्ध्या तासाचे १८०० रुपये घेतले. लाईट गेली, मला वाटलं काम झालं.

काम काही झालंच नव्हतं, त्याने फक्त कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, पुसला होता. कोड पुसला की लाईट विझते, बिघाड तिथंच राहतो, आणि बिघाड झाला तेव्हा इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं ही नोंदसुद्धा पुसली जाते, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला सुरुवातीपासून शोधावं लागतं. ही सरळ फसवणूक आहे.

बीड ओलांडून मांजरसुंब्याच्या घाटाचा चढ लागला, दुसऱ्या गियरवर गाडी धक्के मारायला लागली, पिकअप पडला, मागून ट्रकचे हॉर्न, आणि तीच लाईट आता लुकलुकायला लागली. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. पिवळी लाईट स्थिर असेल तर सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं, आणि तो गेला की कॉईलच्या (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) कितीतरी पट खर्च. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, बंद करा. वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नका, खालचा भाग इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं. आम्ही खडीवर घेतली आणि आईला कठड्याच्या आत सावलीत बसवलं, घाटात गाडीत बसून राहायचं नाही.

ओळखीतून बीडचा एक मिस्त्री मोटरसायकलवर आला. त्याने स्कॅनर लावून स्क्रीन आधी माझ्यापुढे धरली: पी ०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. मग दहाचा पाना घेऊन दोन आणि तीन नंबरच्या कॉईल अदलाबदल केल्या, कोड पुसला, गाडी चालू ठेवली. काही मिनिटांत पी ०३०३ आला. बिघाड कॉईलबरोबर तीन नंबरवर गेला, म्हणजे कॉईलच खराब, प्लग किंवा इंजेक्टर नाही. काढलेली कॉईल हातात दिली, रबराच्या वर केसाएवढी चीर आणि तिथं पांढुरका डाग. नवीन कॉईल आणि मजुरी धरून २९०० रुपये, एक रुपयाही खटकला नाही.

पुढे चौसाळा, येरमाळा, येडशी रस्ता चांगला आहे, दर्शन नीट झालं.

निघण्याआधी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घ्याच, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि कोड फोनवर दिसतो. बॅटरीची सोडून कुठलीही लाल लाईट लागली तर गाडी चालवून न्यायची नाही. तेलाच्या बुधलीची लाल लागली तर त्याच क्षणी इंजिन बंद, पुढच्या पंपापर्यंत म्हणून सुद्धा नाही, तेलाचं प्रेशर नसेल तर थोड्या वेळात इंजिन जाम होतं. थर्मामीटरची लाल लागली तर थांबा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये गार व्हायला तासभर धरा. बॅटरीची लाल म्हणजे चार्जिंग होत नाही, बेल्ट बघा, तो शाबूत असेल तरच एसी बंद करून जवळचं गाव गाठा.

परतीला गेवराईच्या त्या गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, तुमची गाडी माझ्याकडे आलीच नव्हती. माझ्याकडे बिल नव्हतं. तुम्ही कोड वाचताना स्क्रीनचा फोटो काढा, आणि पैसे देण्याआधी तोच कोड बिलावर लिहून घ्या.