तुम्ही विचारलंत म्हणून: पोरींच्या हातात असलं पुस्तक का?

निपाणीत शनिवारी दुपारी हायस्कूलच्या काही मुली माझ्याकडे वाचायला येतात. त्यांच्या आया बाजारात भेटल्या की हमखास विचारतात, "बाई, पोरंच पोरांना मारत्यात, असलं कसलं पुस्तक देता ओ? जरा संस्काराचं काहीतरी द्या की."

रोख सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'वर असतो. २००८ चं पुस्तक. बारा जिल्हे, वर एक चैनीत लोळणारी राजधानी. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचे एक मुलगा नि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायचे, आखाड्यात सोडायचे, आणि एकच उरेपर्यंतची कत्तल टीव्हीवर दाखवायची.

मारामारी आहेच. पण आमच्या पोरी अडकल्या त्या धान्यापाशी. बाराव्या वर्षी नावाची चिठ्ठी एक, तेराव्या वर्षी दोन, अशा त्या वाढत जातात. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची; बदल्यात एका माणसाचं वर्षाचं धान्य नि तेल, तेही जेमतेम. आई, बहीण आणि स्वतःसाठी ते घेत आलेल्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, सोळाव्या वर्षी २० चिठ्ठ्या होतात. तिचा मित्र गेल, त्याच्या ४२. जबरदस्ती कुठंच नाही. धान्य मागायला तुम्हीच जाता!

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. यांच्या घरी आई-आजी विड्या वळतात. पान कमी पडलं तर पदरचं घालून हजार पुरे करायचे, आणि कारखानदारानं खराब म्हणून छाट काढलेल्या विड्यांची मजुरी नाही, विड्याही परत नाहीत. एक पोरगी म्हणाली, "छाट बी तेच काढणार आनि विडी बी तेच ठेवणार." संस्काराच्या गोष्टींत प्रामाणिक गरिबाला शेवटी मोहरांचा हंडा सापडतो. निपाणीत कुणाला सापडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यातला प्रेमाचा त्रिकोण मला कंटाळवाणा वाटतो. पोरींना नाही. असो.

मला त्यांना न्यायचं होतं या मालिकेच्या तिसऱ्या भागापर्यंत. तिथं राजधानीविरुद्धचं बंड जिंकतं, आणि बंडवाल्यांची अध्यक्ष कॉइन सुचवते, आता राजधानीच्या पोरांचे खेळ एकदा होऊ देत. आधीच्या खेळांतले जिवंत उरलेले सात विजेते मत देतात: चार बाजूनं, तीन विरोधात. कॅटनिसही 'हो' म्हणते, आणि पुढं तिचा बाण जातो तो कॉइनवरच. सीमाभागात आपण, मराठी गावं कानडी राज्यात गेली त्या १९५६ पासूनच्या अन्यायाची यादी पोरांकडून पाठ करून घेतो. ती खोटी नाही. १ नोव्हेंबरला मीही काळी फीत लावते. पण उद्या सत्ता आपल्या हाती आली तर कुणाच्या पाट्या उतरवणार, हे घरात कुणी बोलत नाही.

कॅटनिसचं 'हो' मनापासूनचं की कॉइनला गाफील ठेवण्यासाठीचं, यावरून पोरींची जुंपली आहे. एकीनं तर सांगून टाकलं, "मी असते तर खरंच हो म्हटलं असतं. त्यांस्नी बी कळू दे." तिच्याशी माझा वाद अजून चालू आहे, तेव्हा पुस्तक एवढ्यात परत करायला लावू नका.