बाबा कुणाशी बोलत का नसत?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि बाबा गेल्यापासून जो तो हेच विचारतो म्हणून, एकदा नीट सांगतो. "घरासाठी एवढे राबले म्हणता, मग चार माणसं जमली की कोपऱ्यात का जाऊन बसायचे?" यामागचा न विचारलेला प्रश्नही मला कळतो. घरात काही बिनसलं होतं का?

नव्हतं. बाबा फॅब्रिकेशनवाले. ग्रिल, जिने, लोखंडी दारं. ग्राइंडर लोखंडाला टेकला की जवळच्या माणसाच्या कानावर १०० डेसिबलच्या आसपास आवाज आदळतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला १५ मिनिटं. बाबांची १५ मिनिटं सकाळची पहिली चौकट उभी राहायच्या आत संपत.

कानात बोळे का घातले नाहीत, हा तुमचा पुढचा प्रश्न. घालून पाहिले होते. वेल्डर कानानेही काम करतो. आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, लांबला की आवाज बदलतो. बोळे घातले की हात आंधळे होतात, म्हणायचे. यावरून आमची भांडणं झाली आहेत. आजही त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही.

काम थांबवल्यावर त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. बंद खोलीत ते, कानावर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडे तपासणारी मुलगी आणि मी. सुरुवातीचे जाड सूर त्यांनी झटाझट टिपले. मग सूर बारीक होत गेले. इकडे पडद्यावर आवाज चालू दिसायचा आणि बाबा ढिम्म. ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बऱ्याच बारीक सुरापाशी, आलेखाची रेघ सरळ खाली गेली. मध्येच त्यांनी काहीच वाजत नसताना बटण दाबलं, अगदी ठामपणे. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. मग शब्द. तिने ओठांपुढे कागद धरला आणि माइकमधून एकेक शब्द म्हणू लागली. 'सात'ला ते 'हात' म्हणाले. 'फार'ला 'चार'. थोड्या वेळाने ते तिच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघू लागले. माझे ओठ हलतील म्हणून. मी ते मिटून ठेवले, तपासणीच होती ती. बाहेर आल्यावर चिडून म्हणाले, "बोलताना तोंडावर कागद कशाला धरायचा?"

म्हणजे कितीतरी वर्षं ते आमचं बोलणं बघत होते. आवाज पोचायचा, स, श, फ यांसारखे बारीक ध्वनी गळायचे. समोर एकजण असला तर भागायचं. चौघं एकदम बोलू लागले की बघायचं कुणाच्या तोंडाकडे? कोपऱ्यातून निदान सगळ्यांचे चेहरे दिसतात.

तपासणीनंतर बरेच दिवस मी सगळ्यांना एवढंच सांगायचो: कामाने कान खाल्ले. आता तेवढं छातीठोकपणे म्हणवत नाही. ऐकायचं यंत्र घेतलं, ते बहुतेक खिशात. भांडं पडलं तरी डोक्यात कळ जाते म्हणायचे, आणि तसं होतंही. पण नात पुस्तक घेऊन आली की तेच यंत्र न सांगता कानावर चढायचं, आणि काही ठरावीक पाहुणे दारात दिसले की उतरायचं. आई तर म्हणते, "लग्न झालं तेव्हाही असेच होते." मग कान गेले म्हणून ते गप्प झाले, की मुळातल्या गप्प माणसाला सबब सापडली? आमची शिक्षणं त्याच ग्राइंडरवर झाली, त्यामुळे रागही धड कुणावर धरता येत नाही.

"माझ्याशी कधी बोललेच नाहीत" म्हणणाऱ्यांना मी उलट विचारतो. समोर होतात की मागून हाक मारलीत? तोंडावर उजेड होता? यंत्र कानावर होतं? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल, तर माझ्याकडे खुलासा नाही. आणि काका, तुमच्या बाबतीत ते तसंच असावं, अशी मला शंका आहे.