बेंबीतली गाठ

आज ओपीडीत साठीच्या एक मावशी आल्या. तक्रार एकच, "निऱ्या खोचल्या की बेंबीला टोचतं हो, पाणी पण येतं." हळद-तेल लावून झालं होतं. बघितलं तर सुपारीएवढी टणक, लालसर गाठ. साधा हर्निया बहुतेक वेळा दाबला की आत जातो. ही हलेना.

सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल, म्हणजे पोटातला कॅन्सर पसरून बेंबीत आलेली गाठ. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. विल्यम मेयोंना ऑपरेशनला मदत करणाऱ्या या सिस्टरच्या लक्षात आलं होतं, की अशा गाठीच्या पेशंटच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. ना स्कॅन, ना काही, नुसती नजर! मावशींच्या सोनोग्राफीत पोटात पाणी, ओव्हरीत गोळा. बायोप्सी घेतली. मुलाला बाजूला घेऊन बोललो. "पण सर, गाठ तर एवढुशीच आहे ना?"

दुपारी नेमकं उलटं. अपेंडिक्स काढलेल्या पोराचा रिपोर्ट : टोकाला ६ मिलिमीटरचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ). 'ट्यूमर' ऐकूनच वडील मटकन बसले. एक सेंटिमीटरच्या आतला, पूर्ण निघालेला. आता आणखी ऑपरेशन नाही, केमो नाही, हे तीनदा सांगावं लागलं.

मावशी निघताना नर्सला विचारत होत्या, ड्रेसिंग रोज करायचं की दिवसाआड?