कल्याणचा सोनार आणि कान्हेरीची पोढी

आत्याचं आषाढ पौर्णिमेपासून चालू होतं, वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे तीन महिने, संपायच्या आत मला एकदा कान्हेरीच्या लेण्यांना घेऊन चल. आमच्या कल्याणच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, ती एक दिवस चुकवत नाही, पण कान्हेरी तिने शेवटची बघितली होती लग्नाच्या आधी, आजोबांबरोबर, आणि आता तिला साठ उलटून गेलीत आणि डावा गुडघा दुखतो. मी दरवेळी म्हणायचे पाऊस कमी होऊ दे. शेवटी सप्टेंबर संपत आला आणि एका रविवारी सकाळी उठले तर ही पांढरी साडी नेसून, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती, दोन डबे आणि तीन बाटल्या पाणी भरून दारात उभी. मग काय, निघालो.

कल्याणहून फास्ट लोकल, दादरला उतरून पूल चढून वेस्टर्नला, तिथून बोरिवली. रविवार असल्यामुळे दोघींना बसायला मिळालं. बोरिवली ईस्टला उतरलं की संजय गांधी नॅशनल पार्कचं गेट चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण गुडघा वाचवायचा म्हणून रिक्षा केली. गेटपासून लेणी अजून सहा-सात किलोमीटर आत आहेत. कोणी सायकल भाड्याने घेतं, कोणी चालत जातं, आम्ही गाडीने गेलो. जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सोमवारी पार्क बंद असतं.

आत शिरल्यावर पाच मिनिटांत मुंबई संपते हे मी ऐकून होते, पण खरंच संपते. हॉर्न बंद, दोन्ही बाजूला साग, करंज, बांबू, मध्येच दहिसर नदीचं पाणी खडकांवरून वाहताना दिसतं, आणि हवा एकदम गार. खिडकीतून बघत आत्या म्हणाली, "बिबट्या दिसेल का गं?" मी म्हटलं दिवसा नाही दिसत शक्यतो. तर म्हणते, "भिक्खू राहायचे तेव्हा तर वाघ पण असतील." यावर मला खरंच काही उत्तर सुचलं नाही, कारण मी तोपर्यंत कान्हेरीचा विचार फक्त दगड म्हणून केला होता, इथे रात्री माणसं झोपायची असा केलाच नव्हता.

पायऱ्यांच्या खाली आदिवासी पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, चिंचा घेऊन बसलेल्या असतात. तिखट-मीठ लावलेली काकडी घेतली आणि दहाव्या पायरीवर माकडाने ती माझ्या हातातून नेली. आत्याने लगेच पिशवी पोटाशी धरली. तुम्ही पण खायचं काही हातात ठेवू नका.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, जुन्या प्राकृत लेखांत कण्हसेल, काळा डोंगर. पाऊस पडून गेल्यावर तो किती काळा दिसतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. या एका डोंगरावर 109 लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती होती, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं सलग. अजिंठा कधीतरी थांबला, मग परत सुरू झाला, परत थांबला. इथे मात्र माणसं येतच राहिली, आणि का येत राहिली याचं उत्तर मला त्या दिवशी वर जाताजाता मिळालं.

पण आधी चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. तीन नंबरचं लेणं. अंगणातून आत वरांड्यात गेलं की डाव्या-उजव्या भिंतींवर दोन उभे बुद्ध आहेत, जवळपास बावीस-तेवीस फुटांचे, उजवा हात खाली सोडून वरद मुद्रेत, म्हणजे वर देताना. फोटोत ते मोठे वाटतात, पण समोर गेल्यावर आधी वाटतं ते मोठेपण नाही, शांतपणा वाटतो, म्हणजे एवढी उंच मूर्ती आणि तुमच्यावर दडपण येत नाही. या मूर्ती नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. मूळ चैत्यगृह त्याच्या खूप आधीचं, दोन व्यापारी भावांनी सुरू केलेलं, आणि तिथल्या लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं, म्हणजे दुसऱ्या शतकाचा शेवट. आत 34 खांब. काही खांबांच्या डोक्यावर हत्ती, माणसं असं सुंदर कोरीव काम आहे, आणि बाकीचे नुसते साधे अष्टकोनी सोडून दिलेत. पैसे संपले असतील, कारागीर गेले असतील, माहीत नाही, पण मला ते साधे खांब जास्त आवडले, त्यांच्याजवळ उभं राहिलं की काम चालू आहे असं वाटतं. छताला कार्ले लेण्यासारख्या लाकडी कमानी होत्या, त्या आता नाहीत, फक्त त्यांच्या खोबणी राहिल्यात. मधे पोर्तुगीजांच्या काळात इथे चर्चही होतं.

शेवटी, अर्धगोल टोकाला, स्तूप. त्याच्यावर काहीच कोरलेलं नाही. आत्या चप्पल बाहेर काढून आत गेली, मेणबत्ती लावायला परवानगी नाही असं तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं तर तिने ती परत पिशवीत ठेवली, आणि हात जोडून हळू आवाजात नमो तस्स, बुद्धवंदना, सुरू केलं. हळूच म्हटलं तिने. पण तो आवाज वर छताला जाऊन परत आला आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागून जणू अजून कोणी म्हणतंय असा ऐकू आला. सेल्फी काढणारी मुलं होती चार-पाच, ती आपोआप थांबली, एकाने टोपी काढली. तिने त्रिसरण पंचशील पूर्ण केलं आणि मग स्तूपाला प्रदक्षिणा घातली, गुडघ्यावर हात ठेवून, तीन वेळा. त्या खांबांच्या मागची अरुंद वाट प्रदक्षिणेसाठीच ठेवलेली आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, वापरताना पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर डोंगरात कोरलेल्या पायऱ्यांनी वर. मधे ओढा आहे, पावसाळ्यात चांगला वाहतो, आणि दोन्ही काठांवर लेणीच लेणी. बहुतेक लेणी साधी आहेत, दोन पायऱ्या, एक वरांडा, वरांड्यात दगडी बाक, आत एक खोली आणि खोलीत झोपायला दगडाचाच ओटा. आणि प्रत्येक वरांड्याच्या बाजूला एक चौकोनी तोंड, आत काळं पाणी. टाकी. सुरुवातीला मी दोन-तीन बघून पुढे गेले, मग लक्षात आलं की हे संपतच नाहीये, लेण्यागणिक टाकं आहे, आणि वर खडकावर बोटभर रुंदीच्या चर कोरल्यात, पावसाचं पाणी उतारावरून चरेत, चरेतून टाक्यात. आदल्या रात्री पाऊस झाला होता म्हणून काही चरी अजून ठिबकत होत्या, दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने ठरवलेल्या वाटेने पाणी अजून तसंच जात होतं. मी तिथे बसलेच. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावास. पण पावसाळा संपल्यावर पुढचे आठ महिने या उघड्या कातळावर शेकडो माणसं जगायची तर पाणी पाहिजे, आणि ते इथे नदीवर किंवा विहिरीवर सोडलेलं नव्हतं, छताछतावरून जमवलेलं होतं. माझ्या मते कान्हेरीचं सगळ्यात मोठं शिल्प हेच आहे आणि लोक त्याच्या बाजूने फोटो न काढता निघून जातात.

वर एका टाक्यापाशी पंधरा-वीस जणांचा ग्रुप उभा होता, धम्मलिपी म्हणजे ब्राह्मी शिकणारे, आजकाल बरेच ग्रुप लेण्यांवर जाऊन शिलालेख वाचतात. त्यांना शिकवणारा मुलगा पंचविशीचा असेल, बॅटरीचा उजेड तिरका पाडून अक्षरं दाखवत होता, तिरका उजेड पडला की झिजलेलं अक्षर सावलीने वर येतं. तो म्हणाला या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हणतात, पाणियपोढी, आणि कोणी दिली त्याचं नाव आणि गाव त्यात असतं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, चेमुल म्हणजे चौल, नाशिक, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं एक गाव. त्याने बोट लांबून फिरवत एकेक अक्षर म्हटलं. क. लि. य. ण.

आत्या मागे उभी होती ती गर्दीतून पुढे आली. "आमचं कल्याण?"

"हो काकू, तुमचंच."

मला तो क दाखव म्हणाली. ब्राह्मीतला क म्हणजे अधिकचं चिन्ह, फक्त उभी रेघ खाली लांब. तिने हात पुढे केला तर तो घाईने म्हणाला, "हात नका लावू काकू, झिजतंय ते." तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले, त्या अक्षराला.

मग त्याने सांगितलं ते मी घरी येऊन परत वाचून बघितलं. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या एका सोनाराने इथे पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या एका लोहाराने डोंगरावर वाट करून दिली. आणि याच डोंगरावर अजून एक पोढी आहे, ती सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीच्या अमात्याने, शतेरकाने दिलेली, ती राणी शकांच्या कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची म्हणजे शक राजाची मुलगी. म्हणजे राजघराण्यातून आलं ते पण पाणीच आणि सोनाराने दिलं ते पण पाणीच, आणि भिक्खूला तहान लागल्यावर कोणाची पोढी आहे याने काय फरक पडणार होता. कोणी पैसे कायमची ठेव म्हणून ठेवले, त्याला अक्षयनीवी म्हणायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून पावसाळ्यात भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, द्यायचं. आत्या महिला मंडळाच्या बचतगटाचा हिशोब ठेवते, तिला हे मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट तिनेच मला विचारलं, "व्याज किती धरायचे?"

सोनाराला कल्याणहून इथे यायला किती दिवस लागले असतील, खाडीने होडीतून आला असेल की जंगलातून, हे डोक्यात घेऊनच मी पुढची लेणी बघितली त्यामुळे थोडी घाईत झाली. अकरा नंबरचं दरबार लेणं, त्यात दोन लांबच लांब बुटके दगडी बाक, वेरूळच्या पाच नंबरसारखे. एक्केचाळीस नंबरमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, तो नक्की बघा, डोक्यावर डोकी रचलेली आणि तरी चेहरा गोड. चौतीसमध्ये छतावर अर्धवट राहिलेलं बुद्धाचं चित्र, मान वर करून दुखेपर्यंत बघितलं. आणि नव्वद नंबर. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे, पारशी लोक लेणी बघायला आले होते आणि आपली नावं कोरून गेले. बघायला आलेले, म्हणजे आमच्यासारखेच.

वर पठारावर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. एका बाजूला बोरिवलीचे टॉवर, दुसऱ्या बाजूला नजर जाईल तिथपर्यंत हिरवंगार जंगल. याच जंगलात विहार आणि तुळशी तलाव आहेत, मुंबईला नळाचं पाणी द्यायला 1860 मध्ये पहिला तलाव बांधला तो विहार. पाणी कुठे साठवायचं हे या डोंगरांकडे बघून दोनदा ठरलं. डबे तिथेच उघडले, चपाती, मेथीची भाजी, लोणचं. आत्या जेवताना एकदम गप्प होती, मग म्हणाली, "दादा असते तर त्यांना दाखवलं असतं ते अक्षर." दादा म्हणजे आजोबा. छप्पन साली धम्मदीक्षा झाल्यानंतर ते पहिल्यांदा कुठे फिरायला गेले असतील तर इथे, कुर्ल्याच्या चाळीतले दहा-बारा जण मिळून, बोरिवली स्टेशनपासून चालत. त्यांना ब्राह्मी येत नव्हती. आपल्या गावचं नाव इथे लिहिलंय हे त्यांना कळलंच नसणार, आणि तसंही आम्ही कल्याणला राहायला आलो ते खूप नंतर.

उतरताना निर्वाणवीथीकडे वळलो. लांबलचक कातळाच्या आडोशाला ओळीने विटांच्या छोट्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत, इथे राहून गेलेल्या थेरांची, ज्येष्ठ भिक्खूंची, स्मारकं. काहींचे नुसते गोल चौथरे उरलेत, त्यात गवत उगवलंय. इथे कोणीच नव्हतं. आत्याने एकाही ठिकाणी काही म्हटलं नाही, फक्त प्रत्येक गोलाजवळ थोडं थांबत गेली, आणि बाटलीत उरलेलं पाणी तिथल्या एका रोपट्याला घातलं.

खाली आलो तेव्हा तिचा गुडघा सुजला होता. बोरिवलीला बर्फ घेऊन लावला, ट्रेनमध्ये ती दादरपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारातून तिचा फोन. अश्विन पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी बायका जायचं म्हणतायत, चव्वेचाळीस नावं झाली, बस ठरवायची आहे, आणि मला काय काय कुठल्या नंबरला आहे ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दे. मी लिहायला घेतलं तर म्हणाली, "बाकी नंबर राहू दे गं. आधी ती पोढी लिही. कुठल्या पायऱ्यांनी जायचं, ते नीट लिही."